सहा वर्षांचे पाहुणे

"काम काय हाय?" स्टाफरूमच्या दारात पाऊल ठेवताच आमचे युगांडाचे सर हेच विचारायचे आणि शर्टाच्या बाह्या वर करायचे. आम्ही लगबगीनं पंख्याखालची खुर्ची पुढे करायचो. "बसा हो सर, तुम्ही पाहुणे!" ते बसायचे. बाह्या मात्र वरच राहायच्या.

नव्वदच्या दशकात ते आमच्या नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आले, ते नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या ओढीनं. त्यांची आई युगांडात हेच धान्य पिकवायची. सुटी लागली की नागलीवरचा रोग पाहायला ते सुरगाण्याच्या डोंगरी पाड्यांकडे जाणारी जीप पकडत. मराठीही त्या पाड्यांवरचीच शिकले. एकदा मी सोबत होतो. बांधावर उभ्या सरांना एका म्हातारीनं फटकारलं, "उभा काय राहतो? हात नाय का तुला? धर रोपं!" सर चपला काढून चिखलात उतरले ते दुपारपर्यंत वर आलेच नाहीत. इतकं खूश मी त्यांना कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र त्या बाईचा रागच आला. तुम्हीच सांगा, पाहुण्याला कोणी असं राबवतं?

आम्ही त्यांना फार जपलं. प्रत्येक कार्यक्रमात शाल-श्रीफळ. अभ्यासक्रमाची बैठक असली की त्यांना सुटी. उगाच कशाला त्रास? परीक्षेच्या सुपरव्हिजनचा तक्ता मी करायचो. त्यातून त्यांचं नाव दरवर्षी आठवणीनं वगळायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

सहाव्या वर्षी करार वाढवण्याचा कागद त्यांनी सही न करता परत केला. आम्ही चाट पडलो. पगार कमी पडला? की कोणी काही बोललं?

"नाय," ते म्हणाले, "तुम्ही लय चांगले. पण पाहुणा किती दिवस राहील?"

मला तेव्हाही कळलं नाही, हे कबूल करतो.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी परीक्षा होती आणि ऐन वेळी एक सहकारी आजारी पडले. दुसरं कोणी सापडेना. मी ओशाळत विचारलं, "सर, चार नंबरच्या हॉलवर जाल?"

ते अक्षरशः धावले. तीन तास एकदाही बसले नाहीत. मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा छातीशी धरून आले, माझ्यासमोर मोजून दिला. तक्त्यात मी घाईत लिहिलेल्या त्यांच्या नावापुढे त्यांनी सही केली आणि त्या नावावरून एकदा बोट फिरवलं.

"आज मी नाशिकला आलो," ते म्हणाले.

संध्याकाळी स्टेशनवर त्यांची बॅग उचलायला मी सवयीनं पुढे झालो, आणि थांबलो. ती त्यांनीच उचलली.