सातव्या रिळातलं कुंकू

"तुझ्या सॉफ्टवेअरनं हिरॉइनचं कपाळ खाल्लंय," ग्रेग म्हणाला. ग्रेग माझा बॉस. क्लायंटनं सातवं रीळ परत पाठवलं होतं.

बरबँकच्या एका छोट्या कंपनीत मी जुने सिनेमे साफ करते. फिल्म स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर एकेक फ्रेम बघत धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे. त्या वेळी हातात होता हॉलिवूडचा एक जुना रंगीत प्रेमपट. इंग्रजांच्या काळातला भारत, चहाचा मळा, गोरा ऑफिसर आणि मळ्यावरची हिंदुस्थानी मुलगी. ही मुलगीही गोरीच, अंगाला तपकिरी रंग फासलेली. पहिल्या दिवशी तिला बघून मी पोट धरून हसले होते.

या सातव्या, शेवटच्या रिळात ऑफिसर लढाईवर निघतो, ती जिन्यावरून धावत येते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. त्या क्लोजअपमध्ये तिच्या कपाळावर काहीतरी थरथरत होतं.

"मास्क लावायला विसरलीस?" ग्रेगनं विचारलं.

धूळ काढणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्कल नसते. आकाशातले तारे, नाकातली चमकी, कपाळावरची टिकली, त्याला सगळी धूळच वाटते. म्हणून अशा जागा आधी झाकून ठेवायच्या, त्याला म्हणायचं मास्क.

"मी मास्क विसरत नाही," मी फटकन म्हटलं. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. आमच्या घरी व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. नवरा डिपेंडंट. नोकरी गेली की दोघांनीही बॅगा भरायच्या.

रॉ स्कॅन उघडला, म्हणजे सॉफ्टवेअरनं हात लावायच्या आधीचा. थरथर तिथंही होती. माझा जीव भांड्यात पडला. मग झूम केलं. त्या शॉटच्या प्रत्येक फ्रेममध्ये तिच्या कपाळावर ब्रशचा बारीक फटकारा होता, दर वेळी थोडा वेगळा. म्हणून ते थरथरत होतं. सिनेमा बनला तेव्हाच कुणीतरी बसून, हातानं, एकेक फ्रेम रंगवून तिथलं काहीतरी पुसलं होतं.

ग्रेगला बोलावून ते दाखवलं. तो म्हणाला, "सोपंय की. त्यांनी ओबडधोबड पुसलं, आपण क्लीन पुसू."

"काय पुसायचं ते तरी बघू दे."

रंगीत सिनेमाच्या तीन ब्लॅक अँड व्हाइट कॉपी काढून ठेवायची पद्धत होती. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची एकेक. मूळ रंग उडाले तर तिन्ही जोडून परत मिळवता येतात. त्या कॉपी मी क्लायंटकडून मागवल्या.

घरी निखिलला सांगितलं. निखिल म्हणजे नवरा, नागपूरचा.

"एक ठिपका तर आहे. पूस अन् मोकळी हो ना यार," तो म्हणाला. "व्हिसा आपल्याला लागतो, त्या हिरॉइनला नाही."

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

कॉपी आल्या. या ब्रश फिरायच्या आधीच काढलेल्या असणार, कारण तिन्ही जोडल्या आणि तिच्या कपाळावर लालभडक कुंकू उगवलं. मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

क्लायंटकडून लिंडा बघायला आली. "ओह, बिंदी! क्यूट!"

"क्यूट नाही. हिचं लग्न झालंय," मी म्हटलं. "आधीच्या सहा रिळांत हिचं कपाळ मोकळं आहे. मग दोघं देवळात जातात आणि सीन दारातच कट होतो. त्यानंतर तिचा चेहरा दिसतो तो थेट या क्लोजअपमध्ये, कुंकवासकट. कुंकू असलं तर ती त्याची बायको. पुसलं तर त्यानं ठेवलेली बाई."

लिंडाचा चेहरा उतरला. "तेव्हा स्टुडिओंचे नियम होते," ती हळू म्हणाली. "गोऱ्या माणसाचं दुसऱ्या वंशाच्या बाईशी लग्न दाखवायचं नाही."

"पण ती गोरीच आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"हो. पण रंग तपकिरी होता ना."

ठेवलेली चालत होती. बायको चालत नव्हती. आणि अर्धवट राहिलेलं ते काम आता मी पुरं करायचं होतं, पुण्याहून येऊन, कसलाही माग न ठेवता.

"हे मी पुसणार नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पुढे कितीतरी दिवस त्या कुंकवावरून वकिलांचे ईमेल चालले होते. माझ्या कॉन्ट्रॅक्टबद्दल कुणी चकार शब्द काढेना. घरी निखिल उगाच सुटकेसच्या किमती बघत होता. शेवटी लिंडाचा फोन आला, "कुंकू ठेवा." माझं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं.

सिनेमा रिलीज झाला आणि मी हौसेनं कॉमेंट्स वाचायला बसले. क्लासिकची वाट लावली म्हणे. आजकालच्या लोकांनी मुद्दाम घुसडलेला ठिपका म्हणे. सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेल्या गृहस्थानं लिहिलं होतं, "शेवटच्या क्रेडिट्समध्ये रिस्टोरेशनवालीचं आडनाव बघा, म्हणजे कळेल हा डॉट कुठून आला." रिस्टोरेशनवाली म्हणजे मीच.

आमच्या धंद्यात हे असंच आहे. पुसलेलं कुणाच्या लक्षात येत नाही, परत आणलेलं मात्र सगळ्यांना खुपतं.

ग्रेगनंही ते वाचलं असावं. पुढच्या सिनेमाच्या वेळी त्यानं चाचरत विचारलं, "क्रेडिट्समध्ये नाव ठेवायचं का तुझं?"

"ठेवायचं," मी म्हटलं. "आडनावासकट."