सत्काराची शाल तिनं देऊन टाकली

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. कॅनडातल्या सस्काटूनच्या आमच्या घरात, बेसमेंटमध्ये फर्नेसच्या शेजारी, बाबांच्या तरुणपणच्या पत्रकांचा एक खोका आहे. नागपुरात ते कारखान्यांच्या गेटवर उभे राहून ती वाटायचे. पुढे इकडे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर म्हणून आले तेव्हा आईनं बॅगेत लोणच्याच्या बरण्या भरल्या आणि बाबांनी तो खोका. इतर मुलं कमळ, बदक, घर असं वाचायला शिकली. मी पहिलं जोडाक्षर लावलं ते 'धिक्कार' या शब्दातलं.

बाबांचा एक नियम होता. ज्यांच्याबद्दल पत्रक लिहिलं, त्यांना ते आधी वाचून दाखवायचं. त्यांनी मान हलवली तरच छापायला द्यायचं आणि खाली स्वतःचं नाव टाकायचं. मला तो नियम आपल्या आरतीसारखा पाठ होता. गेल्या वर्षी गणपतीत जे घडलं ते या नियमामुळे. इथल्या मराठी मंडळात अजून कुजबुज चालते की या मुलीनं मुद्दाम केलं. हो, मुद्दामच केलं.

मी ज्या शाळेत असिस्टंट म्हणून काम करते तिथे आठवड्यातून दोनदा एक डकोटा आजी मुलांना त्यांची भाषा शिकवायला येते. शहराच्या दक्षिणेला, नदीकाठी त्यांची वस्ती आहे. तिथून ती जुना पिकअप चालवत येते. हॉकीची मॅच हरली असेल तर त्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये. सगळी मुलं तिला कुन्शी म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हणते.

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तिनं मला विचारलं, "तू कुठली?"

"इंडियन," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

"म्हणजे कोलंबस निघाला होता तो तुमच्याकडे!" ती कप खाली ठेवून म्हणाली. "मग दाराला पाटी लावायला काय झालं होतं तुम्हाला? इथवर भटकत आला ना तो बाबा!"

शाळेच्या पुस्तकात तिच्या लोकांना 'सू' म्हणतात. ती तो शब्द वापरत नाही. शत्रूंनी ठेवलेलं नाव, ते फ्रेंचांनी अर्धवट ऐकून अर्धवट लिहिलं, असं ती म्हणते. डकोटा म्हणजे मित्र. १८१२ च्या लढाईत तिचे पूर्वज अमेरिकेविरुद्ध इंग्रजांच्या बाजूनं लढले. राजानं त्यांना पदकं दिली आणि ही मैत्री आम्ही विसरणार नाही, असा शब्द दिला. पुढे दक्षिणेत अमेरिकन सैन्यानं त्यांना गावागावातून हुसकावलं, तेव्हा ते पदकं हातात घेऊन उत्तरेला आले. इथल्या साहेबांनी पदकं पाहिली आणि म्हणाले, तुम्ही तर अमेरिकेचे, निर्वासित. बाकीच्या जमातींशी जमिनीचे करार झाले. यांना त्या करारांत कुणी बसवलं नाही. दया म्हणून जमिनीचा एक तुकडा दिला.

"आमच्या वाटा दोन्हीकडे जात होत्या," कुन्शी म्हणते. "मधली रेघ नंतर आली. रेघ आमच्या अंगावरून गेली आणि आम्हालाच म्हणाले, तुम्ही ओलांडलीत."

परवापरवा सरकार येऊन माफी मागून गेलं. तेवढ्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

तर, गणपती. मंडळाची मीटिंग आमच्याच बेसमेंटमध्ये, त्या खोक्यापासून चार हातांवर. अध्यक्ष म्हणजे आमचे डॉक्टरकाका. चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले, आता रिटायर्ड. नव्यानं आलेल्या कितीतरी मराठी पोरांना त्यांनी पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे कोट दिले आहेत. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते.

काका म्हणाले, "या वर्षी लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट करायचं. ही जमीन मुळात कुणाची, ते सुरुवातीला वाचायचं. सगळेच करतात, आपणच राहिलोय. आणि ती तुझ्या शाळेतली आजी येतेय ना? तिचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. तीन मिनिटं."

"आणि त्या बोलणार," मी म्हटलं. "मी त्यांना सांगितलंय."

"बोलणं नको गं. मग ते लांबतं. मुलांचा डान्स उशिरा, जेवण उशिरा. शिवाय हे लोक बोलायला लागले की पॉलिटिक्स येतं. सणासुदीला कशाला?"

"काका, टिळकांनी गणपती चौकात आणला तो काय मोदकांसाठी?"

"ए, उलट बोलू नकोस," काका हसत म्हणाले, पण हसू लगेच मिटवलं. "सरकारनं सॉरी म्हटलंय ना? झालं की मग."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर लॅपटॉपवर ठेवली. अ‍ॅक्नॉलेजमेंटचा मजकूर त्यांनीच तयार केला होता, म्हणजे कुठल्या तरी वेबसाइटवरून उचलला होता.

मी शब्द देऊन बसले होते. कुन्शीनं त्या शब्दावर विश्वास ठेवून काय बोलायचं याची तयारी सुरू केली होती. आणि तिच्या लोकांना आजवर शब्द देणाऱ्यांनी काय केलं ते मला तोंडपाठ होतं. त्या रांगेत शेवटचं नाव माझं लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर तिला वाचून दाखवला. आपण अमुक कराराच्या भूमीवर आहोत, तो अमुक अमुक राष्ट्रांनी केला, आम्ही त्यांचे आभारी आहोत. ती डोळे मिटून ऐकत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "यात मी कुठे आहे?"

कुठेच नव्हती. आम्ही ज्या बाईला शाल घालणार होतो, तिच्या समोर, तिच्या लोकांना वगळलेला कागद वाचणार होतो.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "हे तुम्ही कुणाला वाचून दाखवलंत?"

ते भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते. उरलेली ताटं आत लावली. मग म्हणाले, "तिथे गेट होतं. गेटवर माणसं भेटायची. इथे कुठे जाऊन विचारायचं?"

"पंचवीस मिनिटांच्या ड्राइव्हवर," मी म्हटलं. "आणि त्यांनी शनिवारी जेवायला बोलावलंय."

कुन्शीचा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं, त्याचं ते जेवण. वस्तीच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, सूप, भाजलेला ब्रेड, बेरीचं गोड. एका बाजूला वस्तूंचा ढीग होता: ब्लँकेटं, टॉवेल, कपबशा, हातानं शिवलेल्या रजया. मला वाटलं, लोकांनी आणलेला आहेर असणार. उलटंच होतं. घरच्यांनी वर्षभर शिवून, जमवून ठेवलेलं ते सगळं आलेल्या पाहुण्यांना वाटून टाकायचं होतं. त्यांच्यात ज्याच्या घरी दुःख, तो देतो. ज्याचा मान, तोही देतो. ढीग संपला की घरचे हलके होतात.

कुन्शीनं बाबांना पुढे बोलावलं आणि एक रजई त्यांच्या खांद्यांवर टाकली. मधोमध मोठा तारा, लाल आणि पिवळ्या तुकड्यांचा. बाबा एकदम घाईघाईनं बाहेर गेले. मी मागे गेले, तर ते कारच्या डिकीत डोकं घालून उभे.

"बाबा, काय करताय?"

"अगं, काहीतरी द्यायला नको का? रिकाम्या हातानं कसं घ्यायचं?"

डिकीत होतं काय, तर बर्फ खरवडायचा ब्रश, विंडशील्ड वॉशरचा कॅन आणि आईनं शेजारणीसाठी दिलेला चिवड्याचा डबा. बाबा डबा घेऊन आत गेले आणि दोन्ही हातांनी तो कुन्शीपुढे धरला.

ती मोठ्यांदा हसली. "लगेच फेडतोस? हे काय दुकान आहे का?" मग झाकण उघडून तिनं डबा शेजारच्या मुलाकडे दिला. "फिरव सगळीकडे." पाच मिनिटांत डबा रिकामा झाला. तिनं तो रिकामाच बाबांच्या हातात ठेवला. आमच्या घरी रिकामा डबा परत देत नाहीत. पण बाबांच्या खांद्यावर रजई होती, आणि ते हसत होते.

जेवणानंतर त्यांनी खिशातून कागद काढला आणि तिला स्वतः वाचून दाखवला. नागपूरच्या गेटवर कसे वाचत असतील ते मला पहिल्यांदा कळलं: सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याचं तोंड बघत.

"हे सगळं काढ," कुन्शी म्हणाली. "लिही की डकोटांची सही या करारावर नाही, कारण त्यांना कुणी बसायला खुर्ची दिली नाही. आणि ते पाहुणे नव्हते."

बाबांनी लिहिलं. पुन्हा वाचलं. तिनं मान हलवली.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. बाबांनी नवा मजकूर वाचला तेव्हा पहिल्या रांगेत काकांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. मग सत्कार. काकांनी कुन्शीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो झाला, टाळ्या झाल्या. काका माईकवर वाकले, "थँक यू सो मच. आता आपले छोटे कलाकार..."

बाबांनी स्टँडवरचा माईक काढला आणि कुन्शीच्या हातात दिला. मी खाली विंगेत होते. मी ठरवलं होतं की मी देणार. बाबा माझ्या आधी पोचले. काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

कुन्शी फार बोलली नाही. पदकांबद्दल बोलली, निर्वासित म्हटल्याबद्दल बोलली, आणि शाळेत जी भाषा बोलल्याबद्दल तिच्या आईला मार बसायचा ती भाषा आपण आज शाळेतच शिकवतो, हे सांगितलं. मग विचारलं, "या खोलीत या देशात सगळ्यात नवं कोण आहे?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मागून कुणीतरी एका मुलीला ढकललं. पुण्याहून शिकायला आलेली, येऊन दोन आठवडे झालेले, पातळ कॉटनच्या ओढणीत. ती बावरत स्टेजवर चढली. कुन्शीनं अंगावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर टाकली.

"आमच्या घरी आलीस," ती म्हणाली. "लवकरच थंडी पडेल. सांभाळून राहा."

टाळ्या अर्ध्याच वाजल्या. चाळीस-पन्नास वर्षं इथे राहून, घरं बांधून, पासपोर्ट घेऊन आम्ही यजमान झालो होतो, आणि आम्ही जिला पाहुणी म्हणून बोलावलं तिनं तीन पावलांत आम्हाला आमची जागा दाखवली. मला ती जागा आवडली. पुष्कळांना आवडली नाही.

जेवणाच्या रांगेत काकांनी आम्हाला गाठलं. "हे काय झालं? सत्काराची शाल स्टेजवरच दिली! दिस इज नॉट डन. मंडळाचा अपमान आहे हा."

"त्यांच्यात मान मिळाला की देतात, काका."

"त्यांच्यात देत असतील. आपल्यात शाल ठेवतात."

इथे आई बोलली. ती वरणाच्या पातेल्यापाशी उभी होती, हातात पळी. "डॉक्टर, ती शाल मागच्या वर्षी तुमच्या पंचाहत्तरीला आम्ही दिलेली. काठाला पिको मीच केलाय, मी ओळखणार नाही होय? तुम्हीही ती दिलीतच की. फक्त त्यांनी सगळ्यांसमोर दिली."

रांगेतल्या दोन मावशी एकदम कोशिंबीर वाढून घेण्यात गर्क झाल्या. प्रत्येकीच्या कपाटात घडी न मोडलेल्या, पुढच्या सत्काराची वाट बघणाऱ्या शाली आहेत, हे कोण कुणाला सांगणार? काका लाल झाले. मग त्यांनी आईकडून वरण घेतलं. पानात जास्तच घेतलं.

दाराशी कुन्शी नारळ हलवून कानाला लावत होती. "याचं काय करतात? पेरायचा?"

"फोडायचा," मी म्हटलं. "आणि वाटायचा. सगळ्यांना."

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे येतं तुम्हाला."

तिनं तो पार्किंग लॉटच्या कठड्यावर आपटला आणि पाणी स्वतः प्यायली. बाकीचा आम्ही तिथेच तुकडे करून वाटला. एक तुकडा बाबा काकांना देऊन आले. काकांनी घेतला.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर सूचना आली: यापुढे स्टेजवर कोण बोलणार हे समिती ठरवेल. समितीत बाबांचं नाव नव्हतं. बाबांनी ते वाचलं आणि खाली बेसमेंटमध्ये गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात जुन्या पत्रकांपैकी एक होतं. त्याच्या तळाशी त्यांचं नाव होतं, तरुणपणच्या पत्त्यासकट. त्यांनी ते फ्रिजवर मॅग्नेटनं लावलं, ग्रोसरीच्या यादीच्या वर.

पुण्याची मुलगी ती शाल जॅकेटच्या आत गुंडाळून बसस्टॉपवर उभी असते. मी तिला राइड देते. परवा तिनं विचारलं, ही मी पुढे कुणाला द्यायची? मी म्हटलं, तुझ्यानंतर जी येईल तिला.

काकांचा फोन आला होता. आवाज मऊ होता. "पुढच्या वर्षी काय करायचं ते आपण बसून ठरवू. घाई करू नकोस."

"ठरवा काका," मी म्हटलं. "माझं तिला बोलावून झालंय. आणि ती बोलणार आहे."