तांबोळीबाई आणि 'डीस्टेबिलाइझ'

इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला की तांबोळीबाई आधी उलट विचारायच्या, "कोणी केलं?" कर्ता सापडेपर्यंत अर्थ मिळत नसे.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, एका मंत्रालयात अनुवादक. माझं मराठी अर्धं हिंदी आणि इंग्रजी त्याहून कच्चं. दोन्ही त्यांनीच सुधारलं.

निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकात, त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला. वर्षभरात शेजारच्या प्लॉटवर शॉपिंग सेंटरच्या तळघरासाठी खोदकाम सुरू झालं आणि बाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. त्यांनी तक्रार केली. बिल्डरचं इंग्रजी उत्तर सोसायटीकडे आलं : काही रहिवासी अफवा पसरवून सोसायटी डीस्टेबिलाइझ करत आहेत.

सोसायटीच्या मीटिंगला मी त्यांच्यासोबत होते. सेक्रेटरी खन्ना म्हणाले, "मॅडम, छोड़िए ना. बिल्डिंग की बदनामी होगी."

बाई उठल्या. "जे नीट उभं आहे त्याचा आधार काढून घेणं, असा या शब्दाचा अर्थ आहे," त्यांनी हिंदीत सांगितलं. "सरकारलाही लागू होतो, इमारतीलाही. मी फक्त पत्र लिहिलं. पत्राने पाया हलत नाही. खोदतंय कोण?"

खन्नांनी पुढचा विषय घेतला. मग बाई एकट्याच बांधकाम परवान्याच्या कार्यालयात रोज जाऊन बसू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात इंजिनियर आला, भेग पाहिली, खड्डा पाहिला आणि इमारत त्याच दिवशी रिकामी करायला लावली. लोक बाईंवर भडकले. मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या. बाई आमच्याकडे राहायला आल्या.

येताना ऑटोत त्या म्हणाल्या, "माझं चुकलं असलं, तर इतकी घरं मी उगाच रस्त्यावर आणली गं."

"मग तक्रार मागे घ्यायची का?"

"भीती वाटते म्हणून? बिल्कुल नाही."

सहाव्या दिवशी दुपारी खड्ड्याकडची बाजू खचली. बाईंच्या स्वयंपाकघरासकट तिकडच्या सगळ्या खोल्या खाली गेल्या. आत कोणी नव्हतं.

संध्याकाळी खन्ना आमच्या घरी आले. त्यांनी माफी मागितली. बाईंनी त्यांना चहा दिला आणि बिल्डरवरच्या फिर्यादीचा कागद पुढे सरकवला. खाली त्यांची एकटीची सही होती.

"इसके नीचे आप," त्या म्हणाल्या.

खटला नऊ वर्षं चालला. सातव्या वर्षी बाई गेल्या. त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला खन्ना हजर राहिले.