रडायची रीत

नेवाशाजवळच्या आमच्या गावात रडण्याचीही पारख होते. बाई वेशीपासून गळा काढत आली, मेलेल्याचे गुण सुरात घोळवत आली, की तिची माया खरी. हात कामात आणि डोळे कोरडे दिसले, की ती दगडाच्या काळजाची. या पारखीची मला चीड आहे, आणि ती माझ्या शेजारणीमुळे, कडूबाईमुळे आहे.

कडूबाईची सासू बनुबाई लकव्याने अंथरुणाला खिळली होती. दोन वर्षं तिचं गूमूत कडूबाईने काढलं, घास भरवले. एकाहत्तरच्या थंडीत म्हातारी गेली. कडूबाई आंघोळीचं पाणी तापवत होती, तेवढ्यात कोपरगावची नणंद लंकाबाई एसटीतून उतरली. गाडीत म्हणे नायलॉनचं पातळ चुरगळू नये म्हणून जपून बसली होती. वेस लागताच सुरू झाली, "माझ्या आईचे गुडघ्याएवढे केस गं, कोन इंचरील आता!"

गावच्या बायका विरघळल्या. त्या दोन वर्षांत लंकाबाई आली होती एकदा, तीही उभ्या उभ्या. केस तर केव्हाच कापले होते. घामाने जटा होऊन मान खाजायची, म्हणून म्हातारीनेच कापायला लावले होते.

अंगणात लुगड्याचा आडोसा धरून आम्ही बायका म्हातारीला आंघोळ घालायला बसलो. तिच्या डोक्यावरचा पदर सरला आणि लंकाबाई किंचाळली, "ह्या बयेनं केस कापले माझ्या आईचे! जितेपनी काय हाल केले असतील!"

आडोशापलीकडच्या पुरुषांनी ऐकलं. त्यात कडूबाईचा नवराही होता. सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. आता भावकीत जन्मभर ती सासूला छळणारीच ठरणार होती.

"लंके, ये, आईची पाठ चोळ," गल्लीतली सगळ्यात वडील बाई झुंबरबाई म्हणाली. लंकाबाई मागे सरकली. मढ्याला हात लावणं तिच्याने झालं नाही. कडूबाईच पुढे झाली आणि सवयीने म्हणाली, "आत्याबाई, कूस बदलते हां."

पाठ वर आली. दोन वर्षं अंथरुणात पडलेलं शरीर, आणि पाठीवर एक जखम नव्हती. झुंबरबाईने त्या पाठीवरून हात फिरवला. "बघ लंके, हे हाल!" लंकाबाईने दुसरीकडे बघत सूर आणखी चढवला.

कडूबाई मात्र थांबली होती. कूस बदलली की म्हातारी हुंकार द्यायची, त्याची ती वाट बघत होती. तो आला नाही, तेव्हा तिच्या घशातून घोगरा, वेडावाकडा आवाज फुटला. त्यात ना सूर, ना शब्द.

बाहेर भावकीतले थोरले पुंजाराम म्हणाले, "कोन रडतंय हे? रडायची बी रीत न्हाई हिला!"

मी तरातरा आडोशाबाहेर आले. सासऱ्याच्या वयाचा माणूस, तरी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मामा, गप बसा. तिनं काय केलंय ते त्या पाठीवर हाय, तुमाला दिसायचं न्हाई."

पण गाव पुढे कितीतरी दिवस बोलत राहिलं, ते माझ्या डोक्यावरून घसरलेल्या पदराबद्दल.