दोरी ओढण्याआधी

विष्णुपंत गेल्याची बातमी मला मिलच्या एका शिपायाने आणून दिली. ती सांगून तो उंबऱ्यातून मागे वळतो न वळतो तोच दुपारचा भोंगा झाला. इतकी वर्षं ज्याने तो भोंगा वाजवला तो माणूस घरात थंड होऊन पडला होता, आणि भोंगा अगदी वेळेवर झाला होता. नवी पेठेतल्या दुकानदारांनी नेहमीप्रमाणे फळ्या ओढल्या आणि ते जेवायला निघाले. मला राग आला. कुणाचा आला ते आजही सांगता येत नाही.

विष्णुपंत मिलच्या इंजिनघरात कामाला होते. बाकी कामं दहा होती, पण भोंग्याची दोरी ओढणं हे खास त्यांचं. शिवाय ते गोष्टी लिहीत. राजाराणीच्या नव्हेत, अजून न आलेल्या काळाच्या आणि त्या काळातल्या यंत्रांच्या. कागद माझ्याच दुकानातून नेत. मी थट्टेने विचारायचो, "काय पंत, शंभर वर्षांनी सोलापुरात ज्वारी काय भाव आहे?" ते म्हणायचे, "ज्वारीचं सोडा हो. माणूस माणसाला विचारून काही करतो का, ते बघून आलोय." आणि हसायचे नाहीत. त्यांच्यासारखा रुक्ष माणूस असल्या कल्पना कुठून काढतो, याचं मला नवल वाटे. पुढे धुरपा भेटली तेव्हा कळलं.

धुरपा वेळापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. कोरड्या सालांत मेंढरं गेली तेव्हा नवऱ्याबरोबर इथे आली आणि मिलमध्ये सूत गुंडाळायला लागली. कामगारांच्या वस्तीत घड्याळ कुणाकडेच नसे. भोंगा झाला की उठायचं, चूल पेटवायची, लेकराला खांद्यावर टाकून निघायचं. तर एका सुटीत मिलमधलं घड्याळ बंद पडलं आणि कुणा कारकुनाने ते अंदाजाने लावून ठेवलं. दुसऱ्या पहाटे पहारेकऱ्याने ते बघून विष्णुपंतांना उठवलं. अंगणातून जाताना आभाळ पाहून त्यांना वाटलंसुद्धा, रात्र फार उरली आहे. पण घड्याळ सांगतंय म्हटल्यावर...त्यांनी दोरी ओढली. पौषातली थंडी होती. सगळी वस्ती फाटकाशी येऊन बसली. फाटकाची किल्ली ज्याच्याकडे होती तो आपल्या खिशातल्या घड्याळावर चालणारा, तो त्याच्या वेळेलाच आला. परत घरी जावं तर भोंगा झालेला, म्हणून कुणी हललं नाही. धुरपाच्या कडेवर तान्हं पोर होतं. त्याला त्या गारठ्याने धरलं ते सोडलंच नाही, आठवडाभरात ते गेलं.

विष्णुपंत तिच्या पाया पडायला गेले होते. माझी चूक झाली, रात्र होती हे मला दिसत होतं, असं त्यांनी सांगितलं. पुढे मीही कधीतरी धुरपाला त्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "व्हय, मला बी दिसत हुतं की. तिकांडं डोक्यावरनं कललं हुतं, पर बुडालं नव्हतं." तिकांडं म्हणजे तीन ताऱ्यांची ओळ. रानात तिचा बाप त्या ओळीवरूनच मेंढरं उठवायचा. मग का गं निघालीस? "भोंगा कुटं खोटं बोलतुया? मला वाटलं, तिकांडंच चुकलं आसंल."

हेच वाक्य तिने त्यांनाही ऐकवलं होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर ते सुटले असते, असं मला वाटतं. त्यानंतर ते लिहायला लागले. त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गोष्टीत पुढच्या काळातलं सोलापूर आहे. घरोघर भिंतीत एक पेटी आहे. ऊठ म्हणते, जेव म्हणते, शेजारी खरं बोलतोय की खोटं तेही तीच सांगते. हळूहळू लोक एकमेकांना काही विचारेनासे होतात. एक दिवस पेटी सांगते, सकाळ झाली. सूर्य काही उगवत नाही. लोक म्हणतात, आज सूर्याला उशीर झाला, आणि अंधारात कामाला जातात. एक आई पेटीला विचारते, पोर गार का लागतंय? पेटी म्हणते, पोर ठीक आहे. आई निजते.

ही गोष्ट त्यांनी वाचनालयात वाचून दाखवली. 'सूर्याला उशीर झाला' इथे सभागृहात हशा पिकला, आणि शेवटी टाळ्या. मिलचे एक मोठे साहेब आले होते. ते उठून आले, विष्णुपंतांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "कल्पना फार उपयोगी आहे हो. असली पेटी करायला किती दिवस लागतील?" विष्णुपंतांनी कागद गुंडाळले. आम्ही बरोबरच निघालो. घराशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मी आग लागली म्हणून ओरडलो, आणि हे शेकायला आले."

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. छातीतली घरघर खोलीभर ऐकू येत होती. मिलमध्ये विजेची नवी सोय झाली होती. घड्याळच भोंगा वाजवायचं, दोरी काढून टाकली होती. "त्या पहाटेनंतर मी आधी अंगणात यायचो," ते म्हणाले. "वर बघायचो, मगच दोरी ओढायचो. एकदा तर साहेबाशी भांडून घड्याळ दुरुस्त करायला लावलं. आता मधे माणूसच नाही. चुकलं तर..." खोकला आला आणि पुढचं राहिलं. खरं सांगतो, त्यांच्या गोष्टींची मला तोवर कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

परवा विष्णुपंतांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला पहाटेच गेलो, दुकान उघडायच्या आधी. चुलीवर चहाचं आधण होतं. भोंगा झाला तशा वहिनी ते तसंच सोडून उठल्या, अंगणात गेल्या आणि पदर सावरत वर बघत उभ्या राहिल्या. मीही मागे गेलो. आभाळ ताऱ्यांनी भरलं होतं. शेजारच्या घरांत चुली पेटत होत्या, बायका लेकरांना हलवून उठवत होत्या.

"हे गेल्यापासून रोज येते," वहिनी म्हणाल्या. "पण बघायचं काय असतं, ते कधी विचारलंच नाही मी. धुरपाबाईंना विचारलं परवा."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, इसरले की वो बाई. आता भोंगा हाय न्हवं."