काळूभाईंच्या शेतातलं गवत

मी कागदोपत्री शेतकरी आहे. नाशिकजवळच्या चुलत्यांच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, आणि त्या शेतात मी आजवर फक्त हुरडा खाल्ला आहे.

नव्वदच्या आसपास मी सिल्वासातल्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. गोडाऊनसाठी कंपनीला शेजारचं काळूभाईंचं शेत हवं होतं, पण शेतजमीन कंपनीला घेता येत नव्हती. घेणारा शेतकरी हवा, तोही स्वतः कसणारा.

"तुम्ही शेतकरी ना?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"पिढीजात," मी छाती फुगवून म्हणालो.

झालं! जमीन माझ्या नावावर घ्यायची आणि बदल्यात मला कंपनीचं क्वार्टर. यात लबाडी आहे हे मला कळत होतं, पण आमच्या खोलीचं छत गळत होतं आणि सुनंदा, म्हणजे आमची ही, रोज माझ्याकडे आणि बादलीकडे आळीपाळीने बघत होती.

परवानगीआधी मामलेदार शेत पाहायला येणार होते. काळूभाई दोन दिवस दुधनीला सासरवाडीला गेलेले. मी शेतात गेलो तर सगळी जमीन उघडी, आणि एका कोपऱ्यात हे दाट गवत माजलेलं. (पिढीजात नजर!) कारखान्याच्या बागेचे तीन माळी लावले, गवत मुळासकट उपटलं, फेकून दिलं, वर झाडून घेतलं.

मामलेदार आले. सुनंदा चहाचा थर्मास घेऊन आली होती. तिचं माहेर वाडा तालुक्यातलं, भातशेतीतलं. तिने कोपरा पाहिला आणि थर्मास खाली ठेवला.

"अहो, इथलं रोप कुठंय?"

"कसलं रोप? गवत होतं, काढलं."

मामलेदारांनी वही उघडली. "साहेब, तो भात होता. आठवड्यात आवणी. हे रोप उपटून सगळ्या शेतात लावतात." मग वहीत काहीतरी लिहीत म्हणाले, "कंपनीला शेती येत नाही हे कायद्याला माहीत आहे. तुमचं नवीन कळलं."

तेवढ्यात काळूभाई परतले. ओरडले नाहीत. कोपऱ्यात उकिडवे बसून मातीवर हात फिरवत म्हणाले, "साहेब, आता पोरांना वरसभर काय खिलवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी कंपनीची जीप घेऊन दुधनीला गेलो आणि काळूभाईंच्या सासऱ्यांच्या पाया पडून त्यांचं उरणारं रोप मागून आणलं. चार दिवस सुनंदा, मी आणि काळूभाईंचं घर गुडघाभर चिखलात वाकून होतो. सुनंदा माझ्या मागून यायची आणि मी लावलेलं उपटून सरळ लावायची.

शेत हिरवं झालं तेव्हा मला रडू आलं. परवानगी नाकारली गेली, क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. काळूभाई बांधावर येऊन म्हणाले, "साहेब, जमीन आता कोणालाच नाय देणार. पण पुढच्या आवणीला मजुरीला या. मजुराला सातबारा नाय लागत."

पुढच्या वर्षी आम्ही दोघंही हौसेने गेलो. दुपारच्या भाकरीआधीच काळूभाईंनी मला कामावरून काढलं, आणि सुनंदाला ठेवून घेतलं.