पंपाखालचा थेंब

अंगणात ट्रक येऊन थांबला की मी आधी त्याच्या खाली बघते आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे. मी माणगावची, हायवेला लागून वाढलेली. वडील जन्मभर ट्रक चालवायचे, त्यामुळे जमिनीवरच्या डागावरून कुठल्या गाडीचं काय गळतंय हे ओळखायची खोड लहानपणापासूनची. लग्न होऊन रेवसजवळच्या या कोळीवाड्यात आले, तर इथे सगळ्यांना होडीतलं कळतं. ट्रकमधलं कळणारी आमच्या घरात मी एकटीच, आणि माझं ऐकायचं नाही यावर बापलेकांचं एकमत.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांनी आपली होडी विकून हा ट्रक घेतला, तोही सेकंडहँड, भरपूर पळालेला. आता आमच्याकडे होडी नाही, शेत नाही. बर्फातली मासळी भरायची आणि ताम्हिणी घाटातून पुण्याला पोचवायची, एवढ्यावर घर चालतं. इंजिन बसलं की घर बसलं.

गेल्या मे महिन्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाखाली मला थेंब दिसला. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी त्या भोकातून बाहेर पडतं. ते आत बेअरिंगमध्ये शिरू नये आणि माणसाला वेळेवर कळावं म्हणून ही सोय. मेकॅनिकने थंडीत बेल्ट बदलताना सांगितलंही होतं, "वहिनी, एवढ्या चाललेल्या गाडीचा पंप गळायची वाट बघू नये. खोललंय तर आत्ताच टाका." पण नवऱ्याला घाई होती, आणि पंप जुनाच राहिला.

थेंब दाखवला तेव्हा तो म्हणाला, "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस? जूनमध्ये मासेमारी बंद झाली की सवडीनं बदलू."

"आणि तोवर घाटात बंद पडला तर?"

"तू पंपाची एवढी काळजी करतेस. माझी कधी केलीस गो?"

हसून विषय टाळायचा हा त्याचा जुना धंदा. मला हसू यायचं नाही. गाडी घाटाला लागली की फोन लागत नाही. त्या वेळात माझा पाय घरात ठरायचा नाही. भाकरी करपायची, धुतलेलं भांडं परत धुवायची, उगाच ओट्यावर जाऊन रस्त्याकडे बघायची. शेजारणी म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी लागली.

मग एक दिवस थेंब थांबला. जमीन कोरडी ठाक.

"बघ, बरा झाला पंप," नवरा म्हणाला.

मला तर धडकीच भरली. गळणारी वस्तू आपोआप बरी होते, असं मी माहेरी तरी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी रेवसच्या जेट्टीवर मासळी भरून गाडी घरी आली. नवरा जेवायला बसला, तशी मी मोबाइलची बॅटरी लावून खाली शिरले आणि बोटाने चाचपलं. भोकावर काहीतरी घट्ट, गुळगुळीत बसलं होतं. होडीच्या फटीत भरतात ती लांबी. तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता.

बाहेर आले तेव्हा बाबा ओट्यावर शेजाऱ्याचं जाळं विणत बसले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी मान वर केली.

"गळत व्हतं, बुजवलं मी. तुझा घोर गेला ना?"

किती खुशीत म्हणाले! माझ्यासाठीच केलं होतं त्यांनी. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण नवरा हात धुऊन चावी शोधत होता.

"बाबा, ते भोक बुजवायचं नसतं," मी म्हणाले. पाणी आता बेअरिंग खात असेल, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, मग चढला.

"जलमभर गळती बुजवली मी! मला शिकवतंस?"

"होडी लोटायच्या आधी फळी हलतेय असं कळलं, तर तुम्ही काय करता?"

"लोटतच न्हाय."

"का? बंदीत बदलता येते की सवडीनं."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्या वयात गाडीखाली आडवे झाले. लांबी निघाली तसं तांबडं, गंजकं पाणी त्यांच्या मनगटावरून वाहिलं. नवऱ्याने पंपाच्या दांड्यावरचा पंखा धरून हलवला. तो चांगलाच डुगडुगत होता.

मासळी दुसऱ्याच्या गाडीत भरून द्यावी लागली. फेरी गेली म्हणून नवरा भडकला आणि बापावर ओरडला, "होडी गेली, पन तुमचं बुजवनं काय जात न्हाय!"

"आवाज खाली करा," मी म्हणाले. "थंडीत पंप बदलला असतात तर त्यांना बुजवायला काय होतं?"  राग आला होता मला, दोघांचाही, पण त्या घटकेला नवऱ्याचा जास्त.

संध्याकाळी मेकॅनिक आला. पंप काढून त्याने हाताने फिरवला, तर आतून खरखर ऐकू आली. "घाटात पंखा सुटून रेडिएटरमध्येच घुसला असता," तो म्हणाला. "इंजिन तर गेलंच असतं. आणि हे वळणावर असते तर..." 

बाबांनी तो पंप मागून घेतला आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून बसले. नवरा फडक्याने मेकॅनिकचे पाने पुसत होता. मेकॅनिक नवा पंप बसवण्यात गुंतला होता.

"सगल्यांना वाटतं, धंदा बसला म्हनून होडी इकली," बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "धंदा चालतच व्हता. ह्याला दर्यात पाठवायला माझी छाती व्हत न्हवती, म्हनून इकली. आनि आज मीच ह्याला..."

 मला रडू आवरेना. नवऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. होडी का गेली हे त्यालाही आजवर माहीत नव्हतं.

तो बाबांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसला आणि त्यांच्या मनगटावरचा तांबडा डाग आपल्या फडक्याने पुसायला लागला.